चार सिलिंडर, २० मिमीचा रिस्ट्रिक्टर आणि चाकाला फक्त ६१ बीएचपी, अजून कुठून काढायची?

पुणेरी_पिस्टन

नमस्कार मंडळी, मी पुण्यातल्या एका कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये इंजिन बघतो, तिसऱ्या वर्षाला आहे. जानेवारीत कोईमतूरला करी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारतला, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसकारच्या स्पर्धेला, जायचंय. आपल्याकडच्या बऱ्याच टीम केटीएम ३९० चं एक सिलिंडरवालं इंजिन लावतात, पण आमच्या सीनियर्सनी कुठूनतरी होंडा सीबीआर ६०० आरआरचं जुनं चार सिलिंडरचं इंजिन मिळवलं होतं आणि आता ते माझ्या गळ्यात आहे. आवाज ऐकला की अंगावर काटा येतो, पण गाडी त्या आवाजाएवढी पळत नाही.

ज्यांना ही स्पर्धा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ७१० सीसीपर्यंतचं फोर स्ट्रोक इंजिन चालतं, पण आत जाणारी सगळीच्या सगळी हवा एकाच गोल भोकातून गेली पाहिजे आणि ते भोक, म्हणजेच रिस्ट्रिक्टर, पेट्रोलसाठी जास्तीत जास्त २० मिमी. टर्बो नसेल तर आधी थ्रॉटल, मग रिस्ट्रिक्टर, मग इंजिन, हा क्रमही ठरलेला. बाइकवर हेच इंजिन १५ हजार आरपीएमपर्यंत जातं आणि कंपनीच्या आकड्यात ११८ च्या आसपास पॉवर देतं. आमच्या गाडीत डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) चाकाला ६१ आली, तीही ११,२०० ला. ९,५०० नंतर ग्राफ आडवाच होतो आणि ६,००० ते ७,५०० च्या मध्ये टॉर्कला मोठा खड्डा आहे, कोपऱ्यातून बाहेर पडताना ड्रायव्हर म्हणतो गाडी श्वास रोखून बसते आणि मग एकदम उडी मारते.

प्लेनम (रिस्ट्रिक्टर आणि इंजिनच्या मधली हवेची टाकी) दीड लिटरचा आहे, थ्री-डी प्रिंट केलेला. एक्झॉस्ट ४-१, म्हणजे चारी पाइप एकदम एकात. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बाहेरचा आहे म्हणजे मॅप, कधी किती पेट्रोल आणि कधी ठिणगी याचं कोष्टक, आपल्या हातात आहे. हातात दहा आठवडे आणि इंजिनसाठी साधारण ४० हजार रुपये. टीममध्ये तीन मतं आहेत, एक म्हणतो रेसचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मागवू, एक म्हणतो हेड पोर्ट करून, म्हणजे त्यातले हवेचे रस्ते घासून मोठे करून घेऊ, एक म्हणतो प्लेनम डबल करू. मला नक्की कळत नाहीये की पैसे कुठे टाकले तर ते भोक असतानाही फरक पडेल. कोणी असं इंजिन केलंय का?

---

स्टटगार्टकर

मित्रा, मी पुण्याच्याच एका टीममधून निघालो, पुढे मास्टर्सला इकडे आलो आणि इकडच्या टीममध्येही दोन सीझन इनटेकवरच काम केलं, त्यामुळे तुझा ग्राफ न बघता मला दिसतोय.

आधी भोकाचं गणित डोक्यात पक्कं कर. भोकातल्या हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचला की इंजिनने मागून कितीही ओढलं तरी थेंबभर जास्त हवा येत नाही. २० मिमीच्या भोकातून, समुद्रसपाटीला, २७ डिग्री तापमानात, सेकंदाला जास्तीत जास्त ७४ ग्रॅम हवा जाऊ शकते. पुणं ५६० मीटरवर आहे म्हणजे तुझ्या डायनोवर तेच ६९-७० ग्रॅम, कोईमतूर ४१० मीटरच्या आसपास म्हणजे तिथे ७१. एवढ्या हवेत जेवढं पेट्रोल नीट जळेल तेवढीच पॉवर, आणि चांगल्या चार सिलिंडर टीम क्रँकला (थेट इंजिनवर) ८०-८५ पर्यंत जातात, चाकाला साधारण ७५. म्हणजे तुझ्याकडे १२-१४ बीएचपी शिल्लक आहेत, ५० नाहीत. ११८ हा आकडा आजपासून विसर.

आता यातून काय निघतं ते बघ. रेसचा कॅम आणि पोर्टिंग या दोन्ही गोष्टी वरच्या आरपीएमला जास्त हवा आत घ्यायला असतात, आणि तुला तर वर हवाच मिळणार नाहीये! उलट १०,५०० च्या पुढे हवा तेवढीच पण घर्षण वाढतंच राहतं म्हणून पॉवर खाली जाते. जास्त ओव्हरलॅपचा (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा) कॅम टाकलास तर मधला टॉर्क अजून खड्ड्यात जाईल. खरं तर स्टॉक कॅमच्याच स्प्रॉकेटची भोकं लांबट करून ओव्हरलॅप थोडा कमी केला तर फायदा होतो, पण ते करताना व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर क्ले लावून मोजल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही.

रिस्ट्रिक्टरचा आकार कसा आहे ते तू लिहिलं नाहीयेस. नुसती भोक पाडलेली चकती असेल तर तिथेच तुझी निम्मी चोरी होतेय. नोझलसारखा गुळगुळीत आत येणारा भाग आणि नंतर हळूहळू उघडणारा लांब डिफ्युझर पाहिजे, एका बाजूचा कोन ४ ते ६ डिग्री, त्यापेक्षा जास्त उघडलास की हवा भिंतीपासून सुटते आणि प्रेशर परत मिळत नाही. वरची ७४ ग्रॅमची मर्यादा त्याने वाढत नाही, पण तिच्या जवळ जायला इंजिनला ओढ कमी लावावी लागते, आणि मधल्या आरपीएमला तर सरळ सरळ फायदा.

प्लेनम दीड लिटर म्हणजे लहानच. इंजिन झटक्याझटक्याने हवा घेतं, चार सिलिंडरमध्ये दर १८० डिग्रीला एक झटका, आणि मध्ये साठा नसेल तर प्रत्येक झटक्याला भोक क्षणभर चोक होतं आणि मधल्या वेळात रिकामं बसतं. साठा वाढवला की भोकातून वाहणं एकसारखं होतं. आम्ही अडीच ते तीन लिटरवर थांबलो होतो, त्याच्या वर गेलो तेव्हा ड्रायव्हरच्या पायाला थ्रॉटल ढिला लागायला लागला. चार लिटर करू नकोस.

आणि तो ६,००० चा खड्डा ४-१ एक्झॉस्टचा असण्याची दाट शक्यता आहे. ४-२-१ कर, म्हणजे आधी १ आणि ४ ची जोडी, २ आणि ३ ची जोडी, मग दोन्ही एकात. वरचे दोनेक बीएचपी गेले तरी चालतील. इनटेकचे रनरही (प्लेनमपासून सिलिंडरपर्यंतचे पाइप) थोडे लांब कर म्हणजे रेझोनन्स ७-९ हजारात येईल, चारही अगदी सारख्या लांबीचे.

---

टॉप_गिअर_टिल्या

भावा एवढं गणित कशाला, रिस्ट्रिक्टरच्या पुढे इंजेक्टर बसवतात तिथे रबराची ओ-रिंग थोडी ढिली ठेव म्हणजे बाजूने जास्तीची हवा येईल, रेसमध्ये कोण बघतंय. ५-६ बीएचपी फुकट.

---

उद्यमनगर_हेडवाला

टिल्या, असं पोरांना शिकवू नकोस. आणि पुणेकरा तू ते वाचून विसरून जा.

एक तर ते पकडलं जातंच. तपासणीत इंजिन चालू ठेवून वरून हवेचं तोंड बंद करतात, त्याच क्षणी इंजिन मेलं पाहिजे. जरा जरी दुसरीकडून हवा येत असेल तर ते फडफडत चालू राहतं आणि तुम्ही घरी. आणि दुसरं, यात जगातली सगळ्यात हुशार माणसं तोंडावर आपटलीत. १९९५ ला वर्ल्ड रॅलीत टोयोटाची सेलिका होती, दोन लिटर, चार सिलिंडर, टर्बो, आणि तिथेही नियम होता ३४ मिमीच्या रिस्ट्रिक्टरचा. ह्यांनी तो असा बसवला होता की पाइप घट्ट आवळला की रिस्ट्रिक्टर काही मिलिमीटर सरकायचा आणि बाजूने जास्तीची हवा आत, आणि तपासायला पाइप काढला की आपोआप जागेवर परत. स्पेनच्या रॅलीत सापडले. त्या वर्षाचे सगळे पॉइंट गेले, टीमवर बारा महिन्यांची बंदी. एवढी अक्कल, एवढी कारागिरी, आणि लोकांना आज त्या गाडीचं नाव घेतलं की आधी ते भोकच आठवतं. मला त्या गाडीचं फार वाईट वाटतं, चांगली गाडी होती ओ ती.

आता कामाचं. मी कोल्हापूरला उद्यमनगरात गेली २६ वर्षं हेडचं काम करतो, एकेकाळी एस्टीम १३०० च्या गाड्या तयार करून चेन्नईला इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेत होतो. त्या क्लासला पण सगळं स्टॉक पाहिजे, कॅम नाही, पोर्ट नाही, काही नाही. सगळे म्हणायचे मग करायचं काय? अरे, स्टॉक म्हणजे कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा, आणि मॅन्युअलमधल्या आकड्यात वर-खाली सूट असते, ती सूट आपल्या बाजूला घ्यायची एवढंच काम. चारी कंबशन चेंबर ब्युरेटने तेल भरून मोजायचे आणि सारखे करायचे, चारी पिस्टन-रॉड वजनाला सारखे, रिंगचा गॅप प्रत्येक बोअरला वेगळा बसवून, व्हॉल्व्ह सीट तीन कोनात कापून हाताने लॅपिंग. यातली एकेक गोष्ट अर्धा टक्का देते. पण चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे बैलगाडीला चार बैल लावल्यासारखं, एक जरी मागे पडला तर बाकीचे तीन त्याला पण ओढतात आणि गाडीला पण.

म्हणून माझा पहिला प्रश्न, तुझं इंजिन जुनं आहे म्हणतोस, तर चारी सिलिंडरचं लीकडाउन (बंद सिलिंडरमधून किती हवा गळते ती चाचणी) कधी केलंस? टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप, कधी बघितले? या बाइकच्या इंजिनांत गॅप ठरवायला शिम, म्हणजे पातळ चकत्या असतात, व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये बसत जातो तसा गॅप कमी होतो, आवाज काहीच येत नाही उलट इंजिन अजून गप्प होतं म्हणून कोणाला शंका येत नाही. प्लग काढून चारी शेजारी ठेव आणि रंगाचा फोटो टाक इथे. फोटो आला की मग पैसे कुठे टाकायचे ते बोलू.

आणि तेलाचं बघितलंस का? हे इंजिन बाइकचं आहे, बाइक कोपऱ्यात आडवी होते त्यामुळे संपमधलं (इंजिनच्या तळातल्या तेलाच्या डब्यातलं) तेल खालीच राहतं. गाडी आडवी होत नाही. लांब कोपऱ्यात तेल सगळं एका भिंतीला चढतं, पिकअप (तेल ओढणारी नळी) हवा ओढतो आणि दोन सेकंदात बेअरिंग जातं. संपमध्ये पत्र्याचे आडोसे आणि एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा बसवून घे, आणि ऑइल प्रेशर डेटामध्ये रेकॉर्ड कर, दिव्यावर विश्वास ठेवू नको. मी हे दुसऱ्याच्या पैशाने शिकलोय, एका पोराचं इंजिन मी तयार केलं होतं आणि हे सांगायचं राहून गेलं, तिसऱ्या लॅपला रॉड बाहेर. अजून मनातून जात नाही.

---

कोन_पाडणारी

मी चार वर्षं ड्रायव्हर होते आणि शेवटच्या वर्षी डेटा पण मीच बघायचे, तर गाडीच्या आतून दोन गोष्टी सांगते.

ट्रॅक कसा असतो ते डोळ्यासमोर आण. करीचा मूळ ट्रॅक २.१ किमीचा असला तरी आपण त्यावर प्लास्टिकचे कोन (शंकू) मांडून चालवतो, सरळ रस्ता ८० मीटरपेक्षा जास्त कुठे नाही, हेअरपिनचा बाहेरचा व्यास ९ मीटरपर्यंत खाली येतो. आमच्या डेटात एन्ड्युरन्सच्या (लांब पल्ल्याच्या फेरीच्या) २२ किमीमध्ये पूर्ण थ्रॉटल पाचव्या हिश्शापेक्षा कमी वेळ होता! म्हणजे तुझी ती ११,२०० ची कमाल पॉवर लॅपमध्ये दोन-तीन वेळा क्षणभर वापरली जाणार. आणि कोपऱ्यातून बाहेर पडताना ६-७ हजारात जो खड्डा आहे तो प्रत्येक कोपऱ्याला वापरला जाणार, आणि नुसता वेळ जात नाही तर ड्रायव्हर घाबरतो, कारण उडी कधी येईल ते माहीत नसतं मग तो पाय उशिरा देतो. सपाट टॉर्क असेल तर नवखा ड्रायव्हर पण सेकंद-सेकंद काढतो. मी स्वतः दोन्ही गाड्या चालवल्यात, कमी पॉवरच्या सपाट ग्राफवाल्या गाडीत माझा वेळ चांगला होता.

गिअरिंग बघ. समज पुढचं स्प्रॉकेट १२ दात, मागचं ४०, आणि १८ इंच व्यासाचे टायर, तर दुसऱ्या गिअरला १०,००० वर साधारण ६० चा वेग येतो आणि तिसऱ्याला ७३ च्या आसपास. आपला बहुतेक ऑटोक्रॉस (कोनांमधून एका लॅपची वेळ) एवढ्यातच होतो. मागचं स्प्रॉकेट बदलायला पाच-सहा हजार लागतात, सगळ्यात स्वस्त टॉर्क तिथे आहे. आम्ही शिफ्ट लाइट १०,२०० ला आणला तेव्हा ७५ मीटरच्या ॲक्सिलरेशनचा वेळ कमी झाला, टीममधल्या कुणालाच आधी पटत नव्हतं कारण इंजिन अजून वर ओरडू शकतं ना, पण वर नुसता आवाज असतो.

आणि वजन. हे इंजिन ३९० पेक्षा साधारण २० किलो जड, ते तुला कुठूनतरी परत काढायला लागेल. शक्य असेल तर १५ डिसेंबरच्या आधी इंजिनला हात लावणं बंद करा आणि ड्रायव्हरना गाडी द्या. कॉलेजच्या पार्किंगमध्ये ५० कोन मांडून रोज संध्याकाळी. आमच्या टीमने एका वर्षी आदल्या रात्रीपर्यंत मॅप केला, गाडी मी स्पर्धेतच पहिल्यांदा नीट चालवली, ते वर्ष आठवलं की अजून रडू येतं.

---

स्टटगार्टकर

वरच्या दोघांशी शंभर टक्के सहमत, हेडवाले काकांनी लीकडाउनचं विचारलं ते मीच आधी विचारायला हवं होतं.

मॅपबद्दल एक राहिलं होतं. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, त्याचं हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण साधारण १३.५ ला येतं, १४.७ ला नाही. आकडे एएफआरमध्ये (हवा-पेट्रोलच्या प्रमाणात) बघत असशील तर फसशील, गेज लॅम्डावर ठेव (योग्य मिश्रण म्हणजे १), पूर्ण थ्रॉटलला ०.८८-०.९० च्या आसपास. इथेनॉलमुळे आत येणारी हवा थंड होते आणि नॉकिंगही (पेट्रोल अवेळी पेटणं) लांब जातं, म्हणजे इग्निशन अजून दोन-तीन डिग्री पुढे घेता येतं का बघ, पण एकेक डिग्रीने आणि टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच थांबायचं. फक्त एक, स्पर्धेत पेट्रोल आयोजक देतात, ते कुठलं आहे ते त्या वर्षीच्या हँडबुकमध्ये बघून मगच शेवटचा मॅप ठरव. पुण्यातून कोईमतूरला जाताना हवेचं प्रेशर पण बदलतं, फक्त थ्रॉटलच्या उघडण्यावर मॅप असेल तर बॅरोमीटरचं करेक्शन चालू कर.

आणि हवा कुठून घेताय? रेडिएटरच्या मागून असेल तर ते तोंड आधी फिरवा. १० डिग्री थंड हवा म्हणजे भोकातून दीड टक्का जास्त, पूर्ण नियमात आणि जवळपास फुकट.

---

पुणेरी_पिस्टन

सगळ्यांचे मनापासून आभार, उशिरा लिहितोय कारण तीन आठवडे वर्कशॉपमध्येच होतो.

काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. १, २, ४ नंबरचे प्लग चॉकलेटी आणि ३ नंबरचा पांढराफटक. लीकडाउन बाकी तिघांना ७-८ टक्के आणि तिसऱ्याला २३. टॅपेट उघडले तर तिसऱ्याच्या दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हला गॅपच नव्हता, एक थोडा जळायलाही लागला होता. आणि वर तिसऱ्याच्याच इंजेक्टरजवळ प्रिंट केलेल्या प्लेनमला सुईएवढी फट, साबणाचं पाणी लावून दोन बारचं... नाही नाही, अर्ध्या बारचं प्रेशर दिलं तेव्हा बुडबुडे आले. म्हणजे टिल्याभाऊ जे मुद्दाम करायला सांगत होते ते आमच्यात आधीच होतं आणि त्यानेच तो सिलिंडर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन पॉवर जात होती! तपासणीत तसेच गेलो असतो तर बाहेर पडलो असतो.

व्हॉल्व्ह नवे, सीट कापून लॅपिंग, शिम, सगळं मिळून १४ हजार. नवा प्लेनम २.६ लिटरचा, आतून इपॉक्सीचे दोन हात. रिस्ट्रिक्टर आमचा चकती नव्हता पण डिफ्युझरचा कोन १२ डिग्री होता, तो आता ५ केला, लेथवर ॲल्युमिनियममध्ये. हवेचं तोंड रेडिएटरच्या मागेच होतं, ते वर काढलं. एक्झॉस्ट अजून ४-१ च आहे, ४-२-१ चे पाइप वळवून यायचेत.

काल डायनो केला. चाकाला ७०, आणि ती १०,३०० ला. खड्डा अजून थोडा आहे पण अर्धा भरला. मला सगळ्यात आनंद झाला तो ७,००० ला टॉर्क १५ टक्के वाढल्याचा.

ताई, स्प्रॉकेट ४० वालं ऑर्डर केलंय आणि १५ डिसेंबरची तारीख कॅप्टनकडून फळ्यावर लिहून घेतली आहे.

काका एकच विचारायचंय, संपमधल्या त्या झडपा रबराच्या करायच्या की पत्र्याच्या बिजागरीच्या? रबर गरम तेलात टिकेल का?

---

उद्यमनगर_हेडवाला

शाब्बास रे पोरा.

पत्र्याच्याच कर, एक मिमी स्टीलचा पत्रा, बिजागरीची पिन दोन्ही टोकांना ठोकून चपटी करून, नुसती दाबून बसवलेली नको, सुटून पिकअपमध्ये गेली तर संपलं. साधं रबर गरम तेलात फुगतं आणि मग झडप उघडीच राहते. पिकअपच्या चारी बाजूंनी डबी कर आणि झडपा फक्त आत उघडणाऱ्या. पिकअप आणि संपच्या तळामध्ये किती अंतर आहे ते आधी मोजून ठेव, पत्रा वेल्ड करताना तळ वाकतो, नंतर परत मोज. जुन्या संपचा फोटो आणि मापं पाठव, ड्रॉइंग मी हाताने काढून देतो.

आणि तो जळालेला व्हॉल्व्ह फेकू नको, तुझ्यानंतर जो पोरगा इंजिन बघेल त्याला दाखवायला ठेव.